बगरूतला श्रावण

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

दिवाळी अंकाचा लेख महिनाअखेर द्यायचा आहे. विषय मीच मागून घेतला: मराठीतली अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबरी आणि नाथमाधव. पुण्यात बसूनही तो लिहिता आला असता, पुस्तकं सगळी तिथेच आहेत. पण या कादंबऱ्या वाचताना एक गोष्ट गेली काही वर्षं मनातून जात नाही. त्यांत घोडदौड असते, भुयार असतं, वेषांतर असतं, कुणाच्या तरी जन्माचं रहस्य असतं आणि शेवटी लग्न असतं. गड आपला असतो आणि संकट बाहेरून येतं. जिथे मराठी फौजच बाहेरून आली, अशा गावात बसून या कादंबऱ्या पुन्हा वाचायच्या होत्या. म्हणून बगरू.

जयपूरहून अजमेरच्या वाटेवर सुमारे ३० किलोमीटर. महामार्गावर ट्रकांची रांग, आत वळलं की छीपा मोहल्ला, कापड छापणाऱ्यांची वस्ती. खोली मिळाली ती एका छापखान्याच्या माडीवर. घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळे काकोसा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्या घरात मी ‘बाईसा’. पाऊस लागून राहिलाय. दाबूच्या छपाईची माती वाळत नाही म्हणून छपाई अर्ध्यावर थांबलेली. “ऊन पडेपर्यंत आम्ही मोकळे. काय विचारायचं ते विचारून घ्या,” काकोसा म्हणाले.

१७४८च्या ऑगस्टमध्ये, असाच पाऊस कोसळत असताना, इथे लढाई झाली. एका बाजूला जयपूरचा राजा ईश्वरीसिंह, दुसऱ्या बाजूला मल्हारराव होळकर.

रविवार, ३ ऑगस्ट

आज दिवसभर नाथमाधव.

द्वारकानाथ माधव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२, मृत्यू २१ जून १९२८. आयुष्य ४६ वर्षांचं, आणि त्याचे दोन तुकडे करणारा सिंहगडाचा कडा. तोफांच्या सरकारी कारखान्यात नोकरी होती, शिकारीचा नाद होता. सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. तेव्हा पंचविशीही उलटली नव्हती. अंथरुणावर पडून वाचन सुरू झालं, वाचनातून लेखन. ‘प्रेमवेडा’ १९०८ची, ‘सावळ्या तांडेल’ १९०९ची, ‘वीरधवल’ १९१३ची. मग ‘सोनेरी टोळी’, तीन भागांची ‘डॉक्टर’, आणि १९२१पासून स्वराज्यमाला: ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ इथून सुरू होऊन ‘स्वराज्यातील दुफळी’पर्यंत आलेली.

चालता न येणाऱ्या माणसाने घोडे उधळले, असं त्यांच्याबद्दल सहज बोललं जातं. ते मला अपुरं वाटतं. या माणसाने विधवांचं, शिकणाऱ्या मुलींचं, मध्यमवर्गी घरातल्या कोंडीचंही लिहिलं. म्हणजे घरातलं जग त्यांना नीट दिसत होतं आणि ते त्याला भिडतही होते. तरीही त्यांच्या वाचकांच्या मनात राहिली ती ‘वीरधवल’. राजवाडे, कपट, गूढ, प्रेम. अद्भुताकडे ते वास्तव जमत नव्हतं म्हणून गेले नव्हते. अद्भुतातूनच सांगता येईल असं काही त्यांच्याजवळ होतं, असं मी समजते.

आणि एक. ज्या गडाने पाय नेले, तशा गडांच्याच गोष्टीकडे ते आयुष्याच्या शेवटच्या दशकात परत गेले. शिवकाल लिहायचा म्हणजे गड चढणं आणि गड राखणं पानोपानी आलं. हे काम त्यांनी भाग घालून, वर्षानुवर्षं, अंथरुणावरून केलं. इथे मला शौर्य दिसतं, आणि ते कुठल्याही पात्राच्या शौर्याहून कमी नाही.

मी आणलेली ‘वीरधवल’ वाचनालयाची आहे. इतक्यांदा बांधून घेतलेली, की आतल्या बाजूच्या ओळींची टोकं शिवणीत गेली आहेत. पुस्तक दोन्ही हातांनी उघडं धरावं लागतं.

सोमवार, ४ ऑगस्ट

नाथमाधवांच्या मागे कोण उभं होतं?

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, विधवांची स्थिती सांगणारी. चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’, १८६१. त्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत येऊ लागल्या. १८६८ला नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’, जिच्यात विमानसुद्धा आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ पुस्तकरूपाने १८७१ची. ती आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी. भालचंद्र नेमाड्यांनी पुढे मराठी कादंबरीच्या तीन वाटा यांच्याच नावांनी दाखवल्या: यमुनापर्यटन, मुक्तामाला आणि मोचनगड. वास्तव, कल्पनारंजन, इतिहास.

नाथमाधव या तिन्ही वाटांवरून गेले. ‘डॉक्टर’ पहिल्या वाटेवरची, ‘वीरधवल’ दुसऱ्या, स्वराज्यमाला तिसऱ्या. त्यांच्याच पिढीतले गो. ना. दातारशास्त्री ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्यांतून रहस्य, इतिहास आणि अद्भुत एका धाग्यात ओवत होते.

पण आज मला धरून ठेवलं ते रिसबुडांच्या प्रस्तावनेने. ते म्हणतात त्याचा आशय असा: आपल्या लोकांच्या आयुष्यात लहानपणी लग्नं होतात, चालीरीती ठरलेल्या आहेत, तेव्हा रोजचं घडतं तसं लिहिलं तर त्यात गोडी येणार नाही. म्हणून अद्भुताची कास धरावी लागते.

ही प्रस्तावना बहुतेक समीक्षक कमतरतेची कबुली म्हणून वाचतात. मला ती तक्रार वाटते, आणि ती थेट समाजाविरुद्ध आहे. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचं लग्न होत असेल तर प्रेमकथा लिहायची कुणाची? वयात आलेली, स्वतःच्या मनाने निवड करणारी मुलगी घरात सापडतच नाही. तिच्यासाठी अरण्य लागतं, राजकन्या लागते, तपस्वी लागतो, विमान लागतं. त्या काळी मराठीत एखाद्या मुलीने आपला वर स्वतः निवडायचा तर तिला आधी अद्भुताच्या प्रदेशात न्यावं लागत होतं. ही सगळी जादू तिच्या इच्छेला जागा मिळावी म्हणून आली.

लेखाचा पाया हाच. रात्री बराच वेळ झोप आली नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पाऊस. काकीसांबरोबर चुलीपाशी. मी कादंबऱ्यांवर लिहिते आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “चंद्रकांतासारख्या?” नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ती मालिका लागायची तेव्हा मोहल्ल्यात ज्या घरी टीव्ही होता तिथे सगळे गोळा व्हायचे. क्रूरसिंहाच्या भुवया आणि त्याचं ‘यक्कू’ त्यांना अजून आठवतं.

देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’ लिहिली १८८८ला. काशीजवळच्या चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांच्याकडे होते, तिथली पडकी गढी, दऱ्या, गुहा त्यांनी पाहिल्या आणि त्यांतून तिलिस्म, म्हणजे जादूचा भासणारा चक्रव्यूह, उभा केला. ती वाचता यावी म्हणून उर्दू वाचणारे किती तरी लोक नागरी लिपी शिकले, असं हिंदीत अभिमानाने सांगतात. खत्री गेले १९१३ला, म्हणजे ‘वीरधवल’ आली त्याच वर्षी.

खत्रींची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांचे ऐयार, म्हणजे वेषांतरात तरबेज हेर, बेशुद्धीची औषधं वापरतात, वेष पालटतात. त्यांच्या तिलिस्मात कळ असते, यंत्र असतं, ते बांधणारा कारागीर असतो. चमत्कार पाहणाऱ्याला वाटतो, करणाऱ्याला ती विद्या असते. जादू आणि रहस्य यांना एकत्र नांदवण्याची ही फार प्रामाणिक रीत आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

लढाईची टिपणं नीट लावून घेतली.

१७०८ साली मेवाडच्या राजकन्येशी लग्न करताना सवाई जयसिंहांनी वचन दिलं: या राणीला मुलगा झाला तर गादी त्याची. मुलगा झाला, माधोसिंह. पण त्याच्या आधी दुसऱ्या राणीचा ईश्वरीसिंह होता. १७४३ला जयसिंह वारले, ईश्वरीसिंह गादीवर बसला, आणि वचन व वडीलकी समोरासमोर आली. दोन्हीकडचे वकील मराठ्यांकडे धावले. शिंदे आणि होळकर यांचं या बाबतीत एकमत नव्हतं. मल्हारराव माधोसिंहाच्या बाजूला राहिले. मार्च १७४७ला राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बगरूला पुन्हा गाठ पडली.

ईश्वरीसिंहाच्या मदतीला सूरजमल जाट आला होता. सहा दिवस, पावसात, लढाई चालली. गंगाधर यशवंत चंद्रचूड, म्हणजे होळकरांचे गंगोबातात्या, पिछाडीवर जाऊन तोफखान्यावर तुटून पडले. सूरजमलाने त्यांना मागे रेटलं. शेवटी बगरूच्या गढीत कोंडलेल्या ईश्वरीसिंहाची दाणावैरण संपली आणि दिवाण केशवदास खत्रीमार्फत तह झाला. माधोसिंहाला परगणे मिळाले, जयपूरने हिरावलेलं बूंदीचं राज्य उम्मेदसिंहाला परत मिळालं.

पुढच्या शतकात बूंदीचे कवी सूर्यमल्ल मिश्रण यांनी ‘वंशभास्कर’मध्ये ही लढाई गायली. सूरजमलाच्या एकट्याच्या हातून ५० पडले आणि १०८ घायाळ झाले, असा हिशोब त्यांनी दिला आहे. या १०८ आकड्यापाशी मी थांबले. जपमाळेतले मणी तेवढेच. इतिहास सांगता सांगता कवीचा हात अद्भुताकडे गेला आहे, आणि त्याच्या श्रोत्यांना त्यात काहीही खटकलं नसणार.

राजे, सरदार, दिवाण, कवी, सगळ्यांची नावं सापडली. बगरूच्या एकाही माणसाचं नाव सापडलं नाही. ऑगस्टमध्ये इथल्या शेतात बाजरी उभी असते. दोन फौजांची जनावरं सहा दिवस काय खात होती, याचं उत्तर शेताच्या बांधावर उभं राहिलं की कळतं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ऊन! सकाळपासून मोहल्ल्यात धावपळ. गच्च्या, ओटे, मोकळी पटांगणं कापडांनी भरून गेली.

काकोसांनी सगळं क्रमाने दाखवलं. कोरं कापड धुऊन हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. ते पिवळसर होतं. काळ्यासाठी स्याही: लोखंडाचं भंगार, घोड्यांच्या जुन्या नाला आणि गूळ पाण्यात घालून मडक्यात मुरत ठेवायचं. लालसाठी बेगर: तुरटी आणि गोंद. ठसे तीन जातींचे. गद जमीन भरतो, रेख बाह्यरेषा काढतो, दत्ता आतला रंग भरतो. दाबूसाठी काळी माती, चुना, गोंद आणि किडलेल्या गव्हाचं पीठ मळून तो चिखल ठशाने छापायचा, वर लाकडाचा भुसा शिंपडायचा. वाळलं की निळीच्या हौदात. चिखलाखालची जागा पांढरी राहते. चिखल ओला राहिला तर सगळं वाया, म्हणून पावसाळ्याची भीती.

मी अडकले ती बेगरपाशी. तुरटीला रंग नसतो. छापणाऱ्याला ठसा कुठे पडला ते दिसावं म्हणून त्यात थोडा गेरू मिसळतात. मग कापड तांब्याच्या मोठ्या भांड्यात, धावड्याची फुलं घातलेल्या रंगाच्या पाण्यात उकळतात. पूर्वी त्यात आल नावाच्या झाडाचं मूळ असायचं, आता अलिझरिन. गेरू निघून जातो, आणि जिथे तुरटी लागली होती तेवढ्याच जागी पक्का लाल चढतो.

“गेरू घातलाच नाही तर?” मी विचारलं.

“तर काय छापलंय ते फक्त छापणाऱ्याला ठाऊक,” काकोसा म्हणाले. “उकळेपर्यंत.”

माझ्या डोक्यात कादंबरीचं एक प्रकरण लख्ख उभं राहिलं. दोन छावण्यांच्या मध्ये सापडलेलं गाव. पहाऱ्यातून एक पिवळसर थान पलीकडे जातं. पहारेकरी ते उलटंपालटं करून पाहतो. कापड कोरं आहे. पलीकडच्या गावी एक मुलगी ते उकळत्या भांड्यात टाकते आणि अक्षरं वर येतात. पहारेकऱ्याने ते पाहिलं तर तो जादूटोणा म्हणेल. मुलीच्या दृष्टीने ती रोजची विद्या आहे. आणि मजकूर ज्याने छापला तो तिचा कोण, हे वाचकाला अजून कळलेलं नाही. जादू, रहस्य आणि प्रेम, तिन्ही एकाच थानात, आणि बाहेरून काहीही आणावं लागलेलं नाही. छीपा इथे तीन-साडेतीनशे वर्षं असल्याचं मोहल्ल्यात सांगतात. त्या ऑगस्टमध्ये मडक्यांत स्याही मुरत असेल, असं मानायला हरकत दिसत नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

इकडच्या पंचांगाने श्रावण आज संपला, आपला अमावास्येपर्यंत चालेल. घरात घेवर आलं. दारात बहीण-भावांची गर्दी.

आजच्या दिवशी बूंदीच्या राणीची आठवण काढायलाच हवी. सवाई जयसिंहांनी बूंदीच्या बुधसिंहाला गादीवरून काढलं. बुधसिंहाची राणी जयसिंहांचीच बहीण. तिने मराठ्यांची मदत मागितली. एप्रिल १७३४ला होळकर आणि शिंदे यांनी बूंदी जिंकून दिली, आणि राणीने मल्हाररावांना राखी बांधली. मराठ्यांची पाठ फिरताच जयसिंहांनी बूंदी परत घेतली. बुधसिंहाचा मुलगा उम्मेदसिंह याला ती मिळाली १७४८ला, बगरूच्या लढाईनंतर.

भावाविरुद्ध एका परमुलखातल्या सरदाराला भाऊ करणारी बाई. कुठल्या अद्भुतकथेतल्या राणीने याहून धाडसी पाऊल उचललं असेल? ही राखी मल्हाररावांच्या बाजूची सगळ्यांत मोठी गोष्ट आहे आणि मी ती लेखात मोठ्याने सांगणार आहे. तिच्या जोडीला खंडणीचा हिशोबही ठेवणार आहे, कारण राखी आणि खंडणी एकाच राजकारणात होत्या.

दुपारी काकोसांची नववीतली नात वर आली. “बाईसा, त्या लढाईत तुमचे लोक जिंकले का?”

“हो. जिंकले.”

“मग आम्ही हरलो?”

“ईश्वरीसिंह हरला. बगरू त्याच्या राज्यात होतं.”

ती थोडा वेळ विचार करत राहिली. “पण लढाई तर गादीची होती. ती जयपूरला होती.”

मुलीचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत गादीची लढाई नेहमी लोकांचीही लढाई असते. शिवकालात ती बऱ्याच अंशी तशी होती, म्हणूनच स्वराज्यमालेला तिचं तेज आहे. बगरूच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. इथे लेखकाला वेगळी नजर लागेल.

सोमवार, ११ ऑगस्ट

जयपूर. त्रिपोलिया बाजाराजवळ ईसरलाट, लोक तिला सरगासूली म्हणतात. १७४९ला ईश्वरीसिंहाने बांधलेला सात मजली मनोरा, राजमहालच्या विजयाचं स्मारक म्हणून. शहरात मात्र दुसरीच गोष्ट ऐकू येते: हरगोविंद नाटाणी या मंत्र्याच्या मुलीवर राजाचं मन बसलं होतं आणि ती दिसावी म्हणून त्याने इतका उंच मनोरा उभारला. खरं-खोटं ठरवायला मी आले नाही. पण बगरूला हरलेल्या राजाच्या मनोऱ्याला लोकांनी विजयाऐवजी प्रेमाचं कारण दिलं, हे लक्षात राहण्यासारखं आहे. लोकांनी त्याला त्याची हार माफ केली असावी.

पुढचं सगळं काळोखाचं. ज्या केशवदासाने बगरूचा तह घडवला त्यालाच ईश्वरीसिंहाने विष दिलं. १७५०च्या डिसेंबरात मल्हारराव थकलेली खंडणी मागत जयपूरवर चालून आले. खजिन्यात पैसे नव्हते. राजाने सेवकाला औषधासाठी म्हणून जिवंत नाग आणि सोमल आणायला सांगितलं, असं सांगतात. रात्री त्याने नागाकडून दंश करवून घेतला. त्याच्या राण्यांनी विष घेतलं. त्याची छत्री इतर राजांप्रमाणे गैटोरला नाही. ती जयनिवास बागेत आहे, एकटी.

माधोसिंह गादीवर आला. जानेवारी १७५१ला जयपूरकरांचा राग फुटला. नवं शहर बघायला, देवदर्शनाला, खरेदीला आत गेलेल्या मराठ्यांवर दरवाजे बंद झाले आणि हजारोंची कत्तल झाली. तटावरून उड्या टाकताना कित्येकांचे पाय मोडले.

मनोऱ्याच्या पायथ्याशी मी बराच वेळ बसले. नाग मागवणारा राजा मराठ्यांच्या धाकाने मेला आणि बाजारात कापड बघणारे मराठे जयपूरच्या रागाने मेले. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना सहसा वेगवेगळ्या गटांच्या तक्रारी म्हणून येतात. कादंबरी त्या एका वाचकाकडून एकाच रात्रीत वाचून घेऊ शकते. आणि त्या सेवकाचं काय? औषधासाठी नाग आणायला निघालेला तो माणूस, गारुड्याकडे जाताना त्याला काय वाटत होतं? मला विचाराल तर अख्खी कादंबरी त्याच्या खांद्यावर उभी राहू शकते.

बुधवार, १३ ऑगस्ट

बगरूहून पुढे अजमेरच्या रस्त्यानेच किशनगढ, सुमारे ७० किलोमीटर, आणि तिथून आत रूपनगढ. हरिभाऊ आपट्यांची ‘रूपनगरची राजकन्या’ या मातीतली. औरंगजेबाची मागणी नाकारून चारुमतीने मेवाडच्या राजसिंहाला पत्र लिहिलं आणि त्याच्याशी लग्न केलं. बंगालीत बंकिमबाबूंनी ‘राजसिंह’ लिहिली तीही याच कथेवर. हरिभाऊंची ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, विसावं शतक उजाडत असताना. इथे जादू नाही, विमान नाही. राजकन्या आपला वर स्वतः निवडते आणि इतिहासच तिची साक्ष देतो. रिसबुडांना जी मुलगी अद्भुतात शोधावी लागली ती हरिभाऊंना राजस्थानच्या इतिहासात भेटली. मराठी कादंबरीने राजपुतान्याकडे इतक्या ओढीने पाहिलं त्यामागे हेही कारण असावं.

मात्र आपण पाहिला तो मोगलांशी झुंजणारा राजपुताना. तो आपल्याला सोयीचा होता. मराठ्यांशी झुंजलेला राजपुताना आपल्या कथांत फारसा आलाच नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

लेख पुरा झाला. शेवटच्या भागाचा गाभा इथे लिहून ठेवते.

सुझॅना क्लार्क या इंग्रज लेखिकेची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ ही कादंबरी २००४ला आली. नेपोलियनच्या काळातलं इंग्लंड, दोन जादूगार, एक शापित स्त्री. तिच्यात स्टीफन ब्लॅक नावाचा एक काळा नोकर आहे, गुलाम स्त्रीचा मुलगा. ज्यांचं नाव मोठं त्या जादूगारांइतकीच जागा लेखिकेने त्याला दिली आणि शेवटी त्याला राज्य दिलं. ज्याला इतिहासाने नाव दिलं नाही त्याच्यासाठी अद्भुताचं दार उघडायचं, हे तिने केलं. ते वाचताना मला रिसबुड आठवले होते. त्यांनीही १८६८ला ज्या मुलीला समाजाने निवडीचा हक्क दिला नव्हता तिच्यासाठी तेच दार उघडलं.

नाथमाधवांनी हा वारसा चालवला आणि लाखमोलाचा केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने घराघरांतल्या वाचकांना दूरच्या प्रदेशात नेलं. ज्या बायकांना माजघराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं त्यांना त्याने घोड्यावर बसवलं. या कादंबऱ्यांना ‘निव्वळ रंजन’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी त्या कुणी, कुठे, कोणत्या कोंडीत वाचल्या याचाही विचार करावा. शिवणीत गेलेल्या ओळी वाचण्यासाठी पुस्तक दोन्ही हातांनी धरणाऱ्या वाचकांनी हा प्रकार शंभर वर्षं जिवंत ठेवला.

आजच्या लेखकांकडे माझं मागणं एकच आहे. आपल्या अभिमानाच्या किल्ल्यांवर ही कादंबरी भरपूर नांदली. आता तिला जिथे आपण परके होतो तिथे न्या. बगरूला आणा. मल्हाररावांना पूर्ण उंचीने उभं करा: राखीचं वचन पाळणारे, वसुलीला येणारे, एकच माणूस. ईश्वरीसिंहाचा नाग खरा ठेवा. जयपूरच्या तटावरून उडी टाकणाऱ्या मराठी शिपायाची आई पुण्याकडच्या कुठल्या तरी गावात वाट बघते आहे, तेही लिहा. आणि जादू द्यायची ती बगरूच्या माणसांच्या हातात द्या. हिरडा, तुरटी, लोखंड आणि निळीत ती त्यांच्याकडे आधीपासून आहे. सहा दिवसांच्या पावसात त्या छीपा घराचं काय झालं, बाजरीचं काय झालं, कोऱ्या थानावर कुणी कुणाला काय लिहिलं, हे कागदपत्रांत मिळणार नाही. ते शोधायला कल्पनाच लागेल, आणि ती कल्पना इतिहासाचीच सेवा करील.

उद्या लेखाची पक्की प्रत करायची. त्यानंतर मी ती कादंबरी सुरू करणार आहे. पहिलं प्रकरण त्या पहारेकऱ्याचं: मराठी मुलगा, पहिल्यांदाच नर्मदा ओलांडून आलेला, हातात कोरं कापड घेऊन उभा. त्याला ते कापड अडवायचं की जाऊ द्यायचं, हे ठरवायचं आहे.